नसल आणि असल

समोरच्या माणसाला प्रश्न कळलेला नाही, तुम्हाला मात्र तो नीट कळला आहे, आणि तरीही तुम्ही तोंड मिटून उभे राहिलात, असं तुमच्या हातून कधी झालं आहे का? लगेच 'नाही' म्हणू नका. मीही तसंच म्हटलं असतं. माझ्या हातून ते धर्मापुरीच्या जनावरांच्या प्रदर्शनात झालं, भर सकाळी, माझ्या सख्ख्या आत्यासमोर. आणि वर त्याचा मला अभिमान वाटला होता.

तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. आमचा मुलूख निजामाच्या राज्यातला, लोक त्याला मोगलाईच म्हणत. शाळा सरकारी, म्हणजे उर्दू. गणित उर्दूत, इतिहास उर्दूत, भूगोलही उर्दूत. गोदावरी आमच्यापासून काही कोसांवर पूर्वेकडे वाहत होती, पण परीक्षेच्या कागदावर ती उजवीकडून डावीकडे वाहायची. मी त्या भाषेत चांगले गुण मिळवले. अक्षर इतकं वळणदार की मास्तर ते दुसऱ्या पोरांना दाखवत.

मग इंग्रजी हद्दीतून पत्रकं येऊ लागली. एक कापडवाला ती धोतरांच्या घड्यांत लपवून आणायचा. पातळ कागद, बोटाला लागणारी शाई आणि अंगात भरणारा ताप. ज्या कचेरीत रयतेची भाषा चालत नाही तिथे रयतेला न्याय कसा मिळणार, हा प्रश्न मी त्या कागदांवर वाचला आणि मला झोप येईना. दरबारच्या भाषेतला एकही शब्द यापुढे तोंडातून काढायचा नाही अशी शपथ मी घेतली. शपथ घेणं सोपं गेलं. बोलणं अवघड झालं.

"त्यो कागद दे रं इकडं," आत्या म्हणाली.

"कागद नगं म्हनू आत्या. पत्र म्हन."

"कावून?"

"कागद शब्द आपला न्हाई. त्यांचा हाय."

आत्यानं हातातली चाळणी खाली ठेवली. "मंग जमीन?"

"भूमी."

"बरं. शेजारनीला सांगते, औंदा भूमीत हुलगा पेरलाय. आन हजामत?"

"क्षौर."

तिनं माझ्या हनुवटीकडं निरखून पाहिलं. "ऱ्हाऊ दे बाबा. दाढीच वाढीव."

त्या दिवसापासून तिनं माझं नाव 'भूमीवाले' ठेवलं. चारचौघांत विचारायची, "भूमीवाले, भाकरी खाता का? भाकरी तरी आपली हाय न्हवं?" मी चिडायचो. ती पदर तोंडाला लावून हसायची आणि माझ्या ताटात लोण्याचा गोळा जरा मोठाच टाकायची.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात कुंकू पुसून माहेरी आली ती आमच्याच घरात राहिली. गोठा तिचा. त्या गोठ्यात तिचा जीव म्हणजे एक लाल, कंधारी जातीचा गोऱ्हा. तो जन्मला आणि चौथ्या दिवशी त्याची आई साप चावून गेली. आत्यानं शेळीच्या दुधात बोटं बुडवून त्याला पाजलं. बोटं चोखायला शिकला, मग वाटी, मग घमेलं. दोन दात आले, वशिंड चढलं, तरी तिला पाहिलं की तळहात चाटायला यायचा. रंग चिंचोक्यासारखा गडद तांबडा, अंगावर एक पांढरा केस नाही. डोळ्यांभोवती काळी कडी, जणू आत्यानंच काजळ घातलेलं.

वडिलांना त्याचा बैल करायचा होता. आमच्या जोडीतला एक बैल थकला होता. वडिलांचं म्हणणं सरळ होतं, "एका बैलानं नांगर चालत न्हाई. बडवून घेतो औंदा." बडवणं म्हणजे खच्ची करणं. दोन दांड्यांमध्ये धरून ठेचायचा तो प्रकार मी एकदा पाहिला होता. पुन्हा पाहण्याची हिंमत नव्हती.

आत्याला तो वळू म्हणून राहायला हवा होता. तीही काही नुसती मायेपोटी बोलत नव्हती. "गावात एक बी वळू न्हाई," ती म्हणायची. "गायी दोन कोस हाकत न्यायच्या, आन तितं भेटतो त्यो मरतुकडा. दहा वर्सांनी गोठ्यात शेळ्यायेवढ्या गायी दिसत्याल."

तेवढ्यात दवंडी आली. धर्मापुरीला जुन्या देवळापलीकडच्या माळावर सरकारी प्रदर्शन भरणार, जनावरांचा सरकारी डॉक्टर येणार, आणि जो गोऱ्हा वळू म्हणून पसंत पडेल त्याच्या गळ्यात लाल फीत बांधणार. आमच्याकडे त्या डॉक्टरला सलोतरी म्हणत. वडील आत्याला म्हणाले, "आक्का, आता तुजं-माजं भांडान नगं. सलोतरीनं फीत बांदली तर ऱ्हाऊ दे त्याला. न्हाई बांदली तर सोमवारी बडवणारा येतोय. त्याला सांगून ठिवलंय."

"चालंल," आत्या म्हणाली. त्या रात्री तिनं काचेच्या तुकड्यानं त्याची शिंगं साळली.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही तांबडं फुटायला निघालो. तीन कोसांची वाट. पुढे वडील, मध्ये गोऱ्हा, त्याच्या कानाशी लागून आत्या, मागे भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन मी. खिशात एक पत्रक होतं. सरकारच्या तमाशाला जाताना ते जवळ असावं असं मला वाटलं. आत्या वाटभर गोऱ्ह्याला समजावत होती, "साहेबानं तोंडात हात घातला तर चावू नगंस. आन त्याचा हात चाटू बी नगंस. जरा रुबाबात हुबा ऱ्हा."

"रुबाब शब्द त्यांचा हाय," मी मागून म्हणालो.

"मंग तू ऱ्हा बिनरुबाबाचा. माजं लेकरू रुबाबातच ऱ्हाईल."

माळ माणसांनी आणि जनावरांनी फुलला होता. मध्ये पांढरा शामियाना, त्यात तहसीलदारांची खुर्ची. खुर्ची रिकामी होती, पण दोन शिपाई तिला वारा घालत होते. एकीकडे जोंधळ्याची कणसं, भोपळे, मिरच्यांच्या माळा मांडलेल्या. एका शेतकऱ्यानं मांडीएवढा मुळा फडक्यात गुंडाळून छातीशी धरून आणला होता. दुसऱ्यानं त्याला हाक मारली, "काय बे, बारसं कवा हाय?" तो म्हणाला, "रडू नको दिऊ त्याला. तुजं त्वांड बगून जागा व्हईल." मी सरकारवर रागावून आलो होतो, पण माझंही हसू फुटलं. शेंगा भाजल्याचा वास सुटला होता. खिल्लार, देवणी, कंधारी, नाना तऱ्हेची जनावरं झुली घालून उभी होती आणि प्रत्येकाच्या शेपटाशी आपापला मालक नवरदेवाच्या बापासारखा ताठ उभा होता. सरकार कुणाचंही असो, ती जनावरं आमची होती, हे मी मनाशी दोनदा म्हणालो.

नोंदणीच्या टेबलाशी रांग होती. मागे एक मुन्शी बसला होता, हैदराबादेकडून नुकताच बदलून आलेला, तोंडात पान. त्याला मराठी येत नव्हती आणि पुढे उभ्या असलेल्या कुणाला उर्दू. तरी गाडी बरी चालली होती, कारण नाव, गाव, रंग, उमर हे शब्द दोन्हीकडे चालण्यासारखे. वडिलांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं, रंग लाल सांगितला.

"नसल?" मुन्शीनं विचारलं.

वडील दचकले. त्यांनी मागे वळून गोऱ्हा जागेवर आहे ना ते पाहिलं. "नसल कसा? ह्यो काय म्होरं हुबा हाय!"

"अरे, नसल बोलो, नसल!"

आता आत्या पुढे झाली. "आसं वंगाळ कावून बोलतो रं बाबा? नसल नगं म्हनू. असल म्हन, असल!"

"असल? असल क्या?"

"असलच की," वडील म्हणाले. "जलमापास्नं हाय."

रांगेतले लोक हसले. मुन्शीचा चेहरा पानासारखाच लाल झाला.

उर्दूत नसल म्हणजे जनावराची जात, आणि असल म्हणजे अस्सल, शुद्ध. आमच्या बोलीत नसल म्हणजे नसेल, आणि असल म्हणजे असेल. मुन्शी जात विचारत होता. वडिलांना वाटलं, आपला धडधाकट गोऱ्हा नसेलच असं हा म्हणतोय. मुन्शीला वाटलं, ही खेडवळ माणसं आपली टर उडवतात.

त्या सगळ्या माळावर हा घोटाळा पुरता कळलेला माणूस मी एकटा होतो. आणि मी गप्प उभा होतो.

"कायकू मजाक करता?" असं म्हणून मुन्शीनं चिठ्ठीवर खरडलं. मला ते समोरून, उलटंही वाचता आलं. 'देसी. नसल नामालूम.' म्हणजे साधं गावठी, जात माहीत नाही. चिठ्ठी शिंगाला बांधून शिपायानं गोऱ्ह्याला पार कडेच्या शेवटच्या रांगेत नेलं. तिथे म्हातारे बैल आणि मिसळ जातीची जनावरं होती. फीत वाटायला सलोतरी तिकडे फिरकणार नव्हता.

माझ्या मनात काय चाललं होतं ते लिहायला आजही लाज वाटते. मनात मी लेख लिहीत होतो. पाहा, ही दरबारची भाषा आमच्या गोठ्यापर्यंत येऊन कसा अन्याय करते! पुरावा डोळ्यांसमोर घडत होता, आणि तो बिघडू नये म्हणून मी श्वाससुद्धा जपून घेत होतो.

शेवटच्या रांगेत बाभळीच्या विरळ सावलीत आम्ही बसलो. भाकरी खाल्ली. लोखंडी नांगर चालवून दाखवणार होते, वडील तो बघायला गेले. आत्या हलली नाही. तिनं तेलाच्या बोळ्यानं गोऱ्ह्याची पाठ पुन्हा पुसली. दूर पहिल्या रांगेत सलोतरी जनावरांचे जबडे उघडून पाहत होता. एक फीत बांधली, टाळ्या झाल्या. दुसरी बांधली. आत्या दर वेळी उठून उभी राहायची, पदर नीट करायची आणि पुन्हा बसायची.

"आपल्याकडं कवा येत्याल?" तिनं विचारलं.

मी शेंगा सोलत राहिलो.

चौथ्या फितीनंतर तिनं गोऱ्ह्याच्या शिंगाची चिठ्ठी सोडली आणि माझ्यापुढे धरली. "तुला वाचता येतंय न्हवं? काय लिव्हलंय यात?"

खोटं बोलता आलं असतं. तेवढा मी बिघडलो नव्हतो. मी वाचून दाखवलं. मुन्शी सकाळी काय विचारत होता तेही सांगितलं.

ती म्हणाली, "तुला तवाच कळलतं?"

"व्हय."

"मंग बोलला कावून न्हाईस?"

"आत्या, मी शपथ घेतलीय. त्यांच्या भाषेतला शब्द—"

"शपथ तुजी," आत्या म्हणाली, "आन बडवायचं त्याला?"

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी वाद घातला असता, माझ्याजवळ पत्रकातली उत्तरं तयार होती. या प्रश्नाला एकाही पत्रकात उत्तर नव्हतं. गोऱ्हा तिचा तळहात चाटत होता.

मी उठलो आणि शामियान्याकडे पळत सुटलो. पळता पळता आणखी एक गोष्ट ध्यानात आली आणि कानशिलं तापली. सकाळी मला फक्त 'कंधारी' एवढंच म्हणायचं होतं. तो शब्द उर्दू नाही. तो आमच्याच मुलखातल्या गावावरून पडलेला आहे. शपथ न मोडताही मी गोऱ्ह्याला वाचवू शकलो असतो. मी शपथेसाठी गप्प बसलोच नव्हतो. माझा लेख चांगला व्हावा म्हणून गप्प बसलो होतो.

टेबलाशी पोचलो आणि माझ्या तोंडून उर्दू बाहेर पडली, शाळेतली, परीक्षेतली, आदबशीर, लांबलचक वाक्यांची. मुन्शी पान चघळायचा थांबला. त्यानं मला सकाळी वडिलांच्या मागे पाहिलं होतं.

"जबान थी, तो सुबह कहाँ रखी थी?" त्यानं विचारलं.

मी त्याला आमचं नसल आणि असल समजावून सांगितलं. त्याला असं हसू आलं की पानाचा तोबरा सांभाळायला त्यानं तोंडावर हात धरला. "या अल्ला! मैं समझा, सब मिलके मेरा मजाक उडा रहे!" त्यानं वही उलटी फिरवली. आमच्याखेरीज आणखी पाच जणांच्या पुढे तेच लिहिलेलं, नसल नामालूम. तो उठला, दौत-लेखणी घेतली आणि मला म्हणाला, "चल. तू पूछ, मैं लिखता."

त्याला मी सकाळपासून जुलमाचा पुतळा समजत होतो. तो नव्या गावात भेदरलेला, दिवसभर लोकांच्या हसण्याचा विषय झालेला एक कारकून होता. जुलूम होता, पण तो त्या टेबलाच्या पलीकडे, फार वर कुठेतरी बसलेला होता.

शेवटच्या रांगेत मी एकेकाला विचारत गेलो, "मामा, जनावर कोन्त्या जातीचं?" उत्तरं पटापट आली. देवणी. खिल्लार. एक म्हातारबुवा कपाळावर हात मारून म्हणाले, "जात इचारत व्हता व्हय! मला वाटलं, जनावर हाय का न्हाई त्ये इचारतोय. म्या म्हनलं, मुन्शीच आंधळा हाय बिचारा."

मुन्शीनं सलोतरीला बोलावून आणलं. त्यानं गोऱ्ह्याचा जबडा उघडला, दोन दात पाहिले, वशिंडावरून हात फिरवला, चालवून पाहिलं. गोऱ्ह्यानं आत्याचं ऐकलं नाही, साहेबाचा हात चाटलाच. सलोतरी हसला. "असल है," तो म्हणाला. "असल कंधारी."

आत्याचं तोंड पडलं. "असल म्हंजी? साहेबाला बी नक्की ठावं न्हाई व्हय?"

"आत्या, त्यांच्यात असल म्हंजी खरा. एकदम खरा."

"मंग सकाळी म्या बरुबरच सांगत व्हते की रं त्याला!"

पण फिती संपल्या होत्या. सहा आणल्या होत्या, सहाही बांधून झाल्या होत्या. सलोतरीनं तेव्हा चिठ्ठीच्या मागे चार ओळी लिहिल्या, सही केली आणि ती माझ्या हातात दिली.

वडील नांगराच्या गोष्टी सांगतच परत आले. त्यांनी गोऱ्ह्याच्या गळ्याकडे पाहिलं. "फीत कुटं हाय?"

आत्यानं माझ्याकडे बोट केलं. "भूमीवाल्याच्या हातात."

परतीची वाट उन्हं उतरताना सुरू झाली. मी वडिलांना सगळं सांगितलं, माझं गप्प बसणंही सांगितलं. अर्धा कोस गेल्यावर ते म्हणाले, "वाच."

मी मराठीत सांगितलं: हा गोऱ्हा अस्सल कंधारी आहे, निरोगी आहे, वळू म्हणून ठेवण्यालायक आहे, याला खच्ची करू नये.

"खरं वाचतूस का आत्याचं वाचतूस?"

"अक्षर न अक्षर खरं, दादा."

"मंग त्यांच्या भाषेत वाच."

मी खड्या आवाजात उर्दूत वाचलं. वडिलांना त्यातलं निम्मंही कळलं नसेल. पण 'असल कंधारी' आलं तेव्हा त्यांनी मान हलवली. ओढ्यापाशी त्यांनी मला तिसऱ्यांदा वाचायला लावलं. गोऱ्हा पाणी पिऊन होईपर्यंत ते त्याच्याकडे बघत उभे होते.

"उद्या त्या बडवणाऱ्याला सांगावा धाड," ते मला म्हणाले. "म्हनाव, सोमवारी येऊ नगंस."

"आन नांगराला बैल?" आत्यानं हळूच विचारलं.

"शेजाऱ्याबरुबर सावड करू. त्याचा एक, आपला एक. व्हईल औंदाचं."

आत्यानं गोऱ्ह्याच्या पाठीवर थाप मारली आणि मग, तितकीच जोरात, माझ्या पाठीवर. "भूमीवाले, शपथ मोडली म्हना की!"

"मोडली."

"बरं झालं. आता कागदाला कागद म्हन. आन नीट ठिव त्यो, भिजवू नगंस."

ती चिठ्ठी मी खिशातल्या पत्रकातच घडी घालून ठेवली. अजून दोन्ही एकत्रच आहेत. माझा राग अजून तसाच आहे. ज्या माणसांच्या जमिनीवर, जनावरांवर आणि नशिबावर कागद निघतात, त्यांच्याच भाषेत ते कागद निघाले पाहिजेत, हे मी लिहीत राहीन, कुणी छापो न छापो. पण तो दिवस उगवेपर्यंत माणसं रांगेत उभी आहेतच, आणि त्यांचे गोऱ्हे शेवटच्या रांगेत बांधले जातच आहेत.

म्हणून तुम्हाला एकच मागणं आहे. हे वाचता येतं त्या अर्थी तुम्ही शिकलेले आहात. येत्या बाजारच्या दिवशी तहसील कचेरीच्या ओट्यावर तासभर जाऊन बसा. हातातला कागद उलटसुलट फिरवत उभा असलेला कुणीतरी तिथे असेलच. त्याच्याजवळ जा आणि विचारा, "मामा, काय लिहिलंय ते वाचून दाखवू का?" वाचून दाखवा, त्याचं उत्तर ऐका, कारकुनाला ते त्याच्या भाषेत सांगा, आणि उठण्याआधी त्याच कागदाच्या मागे सगळा मजकूर मराठीत लिहून द्या.